जुन्या ऐतिहासिक इमारतींना आग का लागते? आणि फायर सेन्सर नेमकं काय करतात?

खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये ब्रिटिश काळातल्या काही इमारती आजही वापरात आहेत. जाड दगडी भिंती बघून वाटतं, याला काय आग लागणार? पण आग लागते ती आतल्या लाकडाला. पुण्याचा शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ ला पेटला आणि सात दिवस जळत होता. आज दिसतात ती जोती, तटबंदी आणि दरवाजे, तेवढंच उरलं.

अलीकडचं उदाहरण कोल्हापूरचं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, खुर्च्या, छप्पर, काही तासांत सगळं गेलं.

वायरिंगचा घोळ

शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतीत विजेचा विचार झाला असेल तर तो चार दिव्यांपुरता. नंतर पंखे आले, मग कॉम्प्युटर, मग एसी. दीड टनाचा एक एसी साधारण ७-८ अँपिअर करंट खेचतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवा. ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय २ सप्टेंबर २०१८ ला जळालं, तेव्हा पोलीस तपासात आगीचं मूळ एका एसीतच सापडलं होतं.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. करंट मर्यादेच्या वर गेला तरच एमसीबी पडतो. सैल झालेल्या जोडात ठिणग्या उडत असतील, तर करंट नॉर्मलच राहतो आणि एमसीबी गप्प बसतो. असा तापलेला जोड थर्मल कॅमेऱ्यात लगेच दिसतो. फोनला टाइप-सी पोर्टमधून जोडायचे छोटे थर्मल कॅमेरेही मिळतात. मात्र सिनेमात दाखवतात तसं भिंतीच्या आरपार काही दिसत नाही, फक्त पृष्ठभागाचं तापमान कळतं.

स्मोक डिटेक्टर कसा काम करतो?

नेहमीच्या डिटेक्टरमध्ये काळा कप्पा असतो. आत एक एलईडी आणि एक सेन्सर, पण समोरासमोर नाही. धूर शिरला की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. सोपं आहे. अडचण उंच छताची. धूर वर जाताना थंड होतो आणि छताला पोहोचायच्या आधीच अधांतरी थांबू शकतो. म्हणून मोठ्या हॉलमध्ये बीम डिटेक्टर लावतात. त्यात हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाशाचा किरण जातो आणि मध्ये धूर आला की तो मंदावतो.

हेरिटेज वास्तूसाठी आमच्या मते सर्वात चांगला पर्याय म्हणजे हवा ओढणारा डिटेक्टर. बारीक छिद्रांची नळी छतामागे लपवतात, पंखा तिच्यातून सतत हवा खेचतो आणि एका पेटीत ती तपासली जाते. डोळ्यांना दिसायच्या आधीचा धूरही त्यात पकडता येतो. भिंत फोडायची नसेल तर बॅटरीवर चालणारे वायरलेस डिटेक्टरही आहेत, पण बॅटरी वेळेवर बदलणारा माणूस हवा!

अलार्म वाजला, पुढे काय?

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये भारी अलार्म सिस्टीम होती. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी ती वेळेवर वाजलीही. पण आग नेमकी कुठे, याचा संदेश नीट समजला नाही आणि सुरक्षारक्षक भलत्याच जागी बघायला गेला. सुमारे अर्धा तास गेला, तोवर छताचं जुनं लाकूड पेटलेलं होतं. म्हणून पॅनलवर नुसता कोड नको, 'मुख्य हॉल, छताचा माळा' असं साध्या भाषेत लिहून यायला हवं. हे काम सॉफ्टवेअरमध्ये होतं, फार खर्चाचंही नाही.

तुम्ही काय बघू शकता?

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. नाट्यगृहात किंवा वाचनालयात गेलात तर तो बिनधास्त विचारा. बाहेर पडायच्या दाराला कुलूप दिसलं, किंवा एका एक्स्टेन्शन बोर्डवर चार पिना कोंबलेल्या दिसल्या, तर फोटो काढून व्यवस्थापकाला पाठवा. धूर दिसला तर मात्र व्हिडिओ नंतर. आधी वाकून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा. फोनवर इमारतीचं नाव, मजला आणि गाडी कुठल्या गेटने आत येऊ शकेल, हे तिन्ही सांगा.