पोपटाचा ताप, पिंजऱ्याचा ताप

रोगाला नाव देणे हे वैद्यकाचे काम असले, तरी एकदा दिलेले नाव भाषेच्या हवाली होते आणि मग भाषा त्याचे काय करील हे वैद्याच्या हाती राहत नाही. नावात कुणाचा तरी निर्देश असतो, आणि निर्देश फार थोड्या वेळात आरोप होऊन बसतो. पाळीव पक्ष्यांपासून माणसाला होणाऱ्या एका आजाराला १८९५ मध्ये मोरांज या फ्रेंच अभ्यासकाने ‘सिटॅकोसिस’ असे नाव दिले. पोपट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घडवले होते. पुढे वृत्तपत्रांनी त्याचे ‘पॅरट फीव्हर’ असे सोपे रूप केले. आपण त्याला ‘पोपटताप’ म्हणू. या आजाराचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास वाचताना एक प्रश्न आम्हांला पुनःपुन्हा अडवतो: हा ताप नेमका कुणाचा?

पहिली ठळक नोंद १८७९ सालची आहे. स्वित्झर्लंडमधील उस्टर या गावी याकोब रिटर या डॉक्टरने एकाच घराशी संबंधित सात रुग्णांचे वर्णन केले. त्यांपैकी तिघे दगावले. ताप विषमज्वरासारखा होता, छाती न्यूमोनियासारखी भरली होती, आणि घरात नुकतेच बाहेरून आणलेले उष्ण प्रदेशातले पक्षी होते. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये याच प्रकारची साथ आली. विक्रीसाठी ब्युनॉस आयर्सहून सुमारे ५०० पोपट जहाजाने निघाले होते. त्यांतले बरेचसे वाटेतच मेले आणि उरलेले दुकानांमार्फत घराघरांत पोहोचले. ४९ जण आजारी पडले व १६ जणांचा मृत्यू झाला. जहाजात पक्षी का मेले, हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या दृष्टीने नफ्यातोट्याचा होता. तो रोगाचाही प्रश्न आहे, हे लक्षात यायला आणखी चार दशके जावी लागली.

मध्यंतरी विज्ञानानेही एक आडवाट धरली. १८९३ मध्ये एदमाँ नोकार या नामांकित पशुवैद्याने प्रवासात मेलेल्या पोपटांच्या वाळलेल्या पंखांतून एक जंतू वेगळा केला आणि तोच या रोगाचे कारण मानला गेला. प्रत्यक्षात तो साल्मोनेला कुळातला होता. तरीही पुढची पस्तीसेक वर्षे रुग्णाच्या रक्तात हाच जंतू शोधला जाई, आणि तो न सापडल्यास निदान डळमळत असे.

१९२९ च्या उन्हाळ्यानंतर हा आजार तीन खंडांवर दिसू लागला. त्याची सुरुवात अर्जेंटिनातील कोर्दोबा शहरातून झाली. ब्राझीलहून विक्रीसाठी हजारो पोपट तेथे आणले गेले होते. डॉक्टर एन्रिके बार्रोस यांनी शहरातील विचित्र न्यूमोनियाचा संबंध या पक्ष्यांशी जोडला. ब्युनॉस आयर्समध्ये तर एका नाट्यमंडळीतील कलावंत आजारी पडले. त्यांच्या नाटकात एका पोपटाची भूमिका होती. अर्जेंटिनाने देशांतर्गत विक्रीवर निर्बंध घातले. परंतु एका बाजारात खपत नसलेला माल दुसऱ्या बाजाराकडे वळतो, हा व्यापाराचा जुना नियम येथेही लागू झाला. बंदरात येणाऱ्या परदेशी जहाजांना पक्षी विकले जातच राहिले.

अमेरिकेत त्या काळी वर्षाला जवळपास ५०,००० पोपटवर्गीय पक्षी येत. नाताळच्या भेटीसाठी त्यांना मोठी मागणी असे. मेरीलँड राज्यातील अ‍ॅनापोलिस येथे एका गृहस्थाने पत्नीसाठी बाल्टिमोरच्या दुकानातून पोपट आणवला. नाताळच्या सुमारास तो पक्षी मेला आणि लवकरच ती बाई, तिची मुलगी व जावई अंथरुणाला खिळले. निदान कसे झाले हे साहित्याच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे असे आहे. त्यांच्या डॉक्टरच्या पत्नीने ब्युनॉस आयर्सच्या त्या नाट्यमंडळीची हकीकत वृत्तपत्राच्या पुरवणीत वाचली होती, आणि तिने नवऱ्याचे लक्ष मेलेल्या पोपटाकडे वेधले. पाठ्यपुस्तकाने जे सुचवले नव्हते ते एका सनसनाटी गोष्टीने सुचवले.

पण तीच गोष्ट छापखान्यात शिरल्यावर वेगळे रूप घेऊ लागली. जानेवारी १९३० मध्ये पोपटताप हा अमेरिकी वृत्तपत्रांचा रोजचा विषय झाला, कधी भयाचा तर कधी थट्टेचा. लोकांनी पोपट मारले, रस्त्यावर सोडून दिले. २४ जानेवारी १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घालणारा आदेश काढला. ब्रिटननेही त्याच वर्षी अशी बंदी घातली. नोव्हेंबर १९२९ ते मे १९३० या काळात अमेरिकेत १६९ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी ३३ जण मरण पावले. संख्या फार मोठी नव्हती. भीती मोठी होती, कारण ती दिवाणखान्यातल्या लाडक्या पक्ष्याची भीती होती.

या थट्टामस्करीच्या पलीकडे वॉशिंग्टनमधील सरकारी हायजिनिक लॅबोरेटरीच्या तळघरात डॉक्टर चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचे साहाय्यक हेन्री अँडरसन आजारी पोपटांवर काम करत होते. अँडरसन यांना सहकारी प्रेमाने ‘शॉर्टी’ म्हणत. पिंजऱ्यांभोवती जंतुनाशकात भिजवलेले पडदे होते, हातमोजे होते, ये-जा करण्यावर निर्बंध होते. तरीही फेब्रुवारीच्या आरंभी अँडरसन यांचा मृत्यू झाला. आर्मस्ट्राँग आजारी पडले. बरे झालेल्या रुग्णाच्या रक्तातील द्रव टोचल्यानंतर ते वाचले. बाल्टिमोरचे जंतुशास्त्रज्ञ विल्यम स्टोक्सही त्याच सुमारास गेले. त्या प्रयोगशाळेत एकूण अकरा जणांना संसर्ग झाला, आणि त्यांतल्या काहींनी पोपटांच्या खोलीत पाऊलही टाकले नव्हते. शेवटी संचालक जॉर्ज मॅकॉय यांनी स्वतः तळघरात जाऊन सर्व प्रयोगपक्षी मारले आणि इमारत बंद करून विषारी धुरी दिली. पक्षी चावण्याची गरज नव्हती, त्याला स्पर्श करण्याचीही नव्हती. वाळलेल्या विष्ठेची धूळ हवेत तरंगत होती आणि ती श्वासावाटे आत जात होती. ज्या खोलीत रोगाला कोंडले होते त्याच खोलीतून तो इमारतभर पसरला. विलगीकरणाच्या इतिहासातला हा उपरोध पुढेही आपल्याला भेटणार आहे.

१९३० मध्येच लंडनमध्ये सॅम्युएल बेडसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की रोगकारक इतका सूक्ष्म आहे की नेहमीच्या गाळणीतून तो पार होतो. त्यामुळे तो बराच काळ विषाणू समजला गेला. तो पेशीच्या आत राहूनच वाढणारा जीवाणू आहे हे १९६० च्या दशकात पक्के झाले. आज त्याचे नाव क्लॅमिडिया सिटासी असे आहे. म्हणजे जंतूची ओळख बदलत गेली, पण पोपट नावातून हलला नाही.

सीमा बंद झाल्या तेव्हा प्रश्न सुटला असे सरकारांना वाटले. परंतु १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅली या गावी काही वृद्ध स्त्रिया न्यूमोनियासारख्या आजाराने दगावल्या, आणि सॅन फ्रान्सिस्कोचे शास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिश मायर यांनी तो धागा एका लहान पाळीव पक्ष्यापर्यंत नेला. तो कुठल्या जहाजातून आलेला नव्हता, कॅलिफोर्नियातच पैदास झालेला होता. मंदीच्या त्या काळात लॉस एंजेलिसच्या आसपास अनेक कुटुंबे परसात बजरिगर, म्हणजे आपल्याकडे ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हटले जाते ते छोटे पोपट, पाळून चार पैसे मिळवत होती. मायर यांनी या परसांतले पक्षी तपासले तेव्हा बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यांतही संसर्ग आढळला. परक्या मुलखातून आलेला रोग ही कल्पना येथे कोसळली.

मग पक्ष्यांच्या मूळ देशाकडे पाहणे भाग होते. बजरिगर ऑस्ट्रेलियाचा. तेथून आणलेले पक्षी निरोगी असतील या अपेक्षेलाही तडा गेल्यावर मायर यांनी मेलबर्नच्या फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्याशी संपर्क साधला. पुढे प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी १९६० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच बर्नेट. ऑस्ट्रेलियातील रानटी पोपटांमध्येच हा संसर्ग रुजलेला आहे, असे त्यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. पिल्लांना तो घरट्यातच होतो, बहुतेक त्यातून तरतात आणि पुढे जंतू व पक्षी एकमेकांना फारसा त्रास न देता एकत्र नांदतात. बिघाड होतो तो पक्षी पकडल्यावर. दाटीवाटीचा पिंजरा, अंधार, अपुरे अन्न, अस्वच्छता आणि लांबचा प्रवास यांनी पक्षी खचतो, सुप्त संसर्ग जागा होतो आणि विष्ठेतून जंतू बाहेर पडू लागतो.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. जंतू पोपटाचा असेल, साथ मात्र पिंजऱ्याची होती. दुकानात टांगलेला पक्षी पाहणाऱ्याला त्याची गोष्ट दुकानापासून सुरू होते असे वाटते. वैद्यकानेही कित्येक वर्षे ती तेथूनच सुरू केली, म्हणजे विकत घेतले, मेला, आजारी पडले. त्याआधीचा भाग कुणी विचारला नाही.

तो भाग विचारण्याची एक रीत आपल्या परंपरेत फार जुनी आहे. ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचे नाव घेतले त्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन शूद्रक राजाच्या दरबारी येते. राजा त्याला त्याची हकीकत विचारतो, आणि वैशंपायन नावाचा तो पोपट आपल्या बोलण्याला रानातून आरंभ करतो. शाल्मली वृक्षाची ढोली, तेथे आलेला वृद्ध शबर, झाडावरून मारून खाली टाकलेले पक्षी, त्यांतच गेलेला पिता आणि पाचोळ्यात पडून वाचलेले पिल्लू, हे सर्व राजाला आधी ऐकावे लागते. बाण रोगाविषयी काही सांगत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण पिंजऱ्यातल्या पक्ष्याला पिंजऱ्यापूर्वीचे आयुष्य असते, एवढे भान त्या रचनेतच आहे. पाठ केलेले अर्थहीन बोलणे म्हणजे ‘पोपटपंची’ अशी व्याख्या करून बसलेल्या आपल्या आजच्या व्यवहारभाषेत ते भान उरलेले नाही.

पुढच्या काळातील उपाय पाहिले की या विसराची किंमत कळते. टेट्रासायक्लिन वर्गातील औषधे आल्यावर पोपटताप बरा होऊ लागला. पक्ष्यांना औषध मिसळलेले खाद्य ४५ दिवस देण्याची पद्धत रूढ झाली आणि व्यापार पुन्हा फोफावला. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात न्यूकॅसल रोगाची साथ आली. ही कोंबड्यांत मानमोडीसारखी पसरणारी वेगळी व्याधी. तिचे मूळ आयात केलेल्या शोभेच्या पक्ष्यांत सापडले. ती आटोक्यात येईपर्यंत जवळपास १.२ कोटी पक्षी मारावे लागले, त्यांत बहुसंख्य अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. यानंतर अमेरिकेत आयात पक्ष्यांसाठी सक्तीची विलगीकरण केंद्रे उभी राहिली. केंद्र म्हणजे काय, तर अनेक देशांतून आलेले, थकलेले पक्षी काही आठवडे एका छपराखाली ठेवण्याची जागा. बर्नेट यांनी रोग जागा होण्यास जी परिस्थिती कारणीभूत ठरवली होती तिच्याशी या जागेचे साम्य नजरेआड करता येत नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील अशाच एका केंद्रात बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. सुरिनामहून आलेला पोपट मेला, अशी बातमी जगभर गेली. चौकशी झाली तेव्हा चित्र वेगळे दिसले. तेथेच तैवानहून आलेले मेसिया नावाचे छोटे पक्षी मोठ्या संख्येने मेले होते, नमुने एकत्र मिसळले गेले होते, आणि संसर्गाचे मूळ तैवानच्या पक्ष्यांत असण्याचीच शक्यता अधिक ठरली. बातमीत पोपटाचे नाव आधीच लागले होते. विलगीकरण अगदीच फसले असेही म्हणता येणार नाही, कारण विषाणू तेथे पकडला गेला आणि बाजारात पोहोचला नाही. पण हे केंद्र निष्पाप पक्ष्याला नव्या रोगाच्या शेजारी बसवू शकते हेही त्याच घटनेने दाखवले.

यानंतर युरोपीय संघाने रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि २००७ पासून कायमची थांबवली. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने अशा आयातीवर कडक मर्यादा घातल्या होत्याच. भारतात देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. घराच्या गॅलरीत ‘मिठू’ म्हणून टांगलेला आपला हिरवा राघू पाळणे हाही वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित घरांना आजही नवी वाटते. या कायद्यांचे महत्त्व आम्हांला असे वाटते, की ते पक्ष्याला आजारी ठरवून कोंडत नाहीत, कोंडण्यालाच हात घालतात.

मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना नावे देण्याविषयी सूचना प्रसिद्ध केल्या. स्थळांची, माणसांची व प्राण्यांची नावे रोगांना देऊ नयेत असे त्यात म्हटले आहे. जुनी नावे त्यामुळे आपोआप पुसली जात नाहीत. पोपटताप हे नाव राहील आणि रोगही राहील. २०२४ च्या प्रारंभी युरोपातील काही देशांत त्याचे रुग्ण नेहमीपेक्षा अधिक आढळले, काही मृत्यूही झाले, आणि त्यांतल्या अनेकांचा संबंध पाळीव पक्ष्यांइतकाच रानातल्या पक्ष्यांशीही होता. तेव्हा पिंजरा उघडला की रोग संपेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणणे एवढेच, की साथीचा वृत्तांत लिहिताना आरंभ कोठून करायचा हा निवाडा लेखकाचा असतो, आणि त्या निवाड्यातून दोषी कोण हे बहुधा आधीच ठरून जाते. १९३० च्या हिवाळ्यात ज्यांनी आपापल्या पोपटांच्या माना मुरगळल्या त्यांच्या हाती पडलेली गोष्ट दुकानाच्या दारापासून सुरू होत होती. जहाजाचे पान तीत नव्हते, रानाचे तर नव्हतेच.