रुस्तम सुटला, नानावटी नाही

नववीच्या वर्गात एकदा ज्युरी हा शब्द आला. मी अर्थ सांगायच्या आत मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, ते रुस्तममध्ये असतात ते. त्यांनीच त्याला सोडलं." घाटकोपर, कुर्ला, विक्रोळीच्या मुलांना कोर्ट माहीत असतं ते दोनच प्रकारे. एकतर घरातलं कुणी तारखेला जात असतं, नाहीतर सिनेमा. पहिल्या प्रकाराबद्दल मुलं वर्गात बोलत नाहीत.

'रुस्तम' २०१६ चा. मूळ प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी बायकामुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतलं आणि प्रेम आहुजाच्या घरी जाऊन त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मग स्वतःहून पोलिसांकडे गेले. सिनेमात हा अधिकारी स्वतःच स्वतःची वकिली करतो, खुनामागे नौदलातल्या भ्रष्टाचाराचं प्रकरण निघतं, ज्युरी त्याला निर्दोष ठरवते आणि पडदा पडतो. प्रत्यक्षात नानावटींच्या बाजूने कार्ल खंडालावाला यांच्यासारखे नामांकित वकील उभे होते आणि भ्रष्टाचाराचा काही संबंध नव्हता. आहुजाच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागेवर कसा राहिला, यावर खरा कीस पाडला गेला.

पण मला खटकतो तो शेवट. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं हे खरं. मात्र सत्र न्यायाधीश रतिलाल मेहता यांना तो कौल मान्य झाला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने नानावटींना खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप दिली. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. माफी मिळाली १९६४ मध्ये, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडून, आणि त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी स्वातंत्र्यसैनिकालाही. आहुजा सिंधी होता, नानावटी पारशी. या दोन माफ्या शेजारी ठेवून पाहिल्या की त्या काळच्या मुंबईबद्दल जे कळतं, ते अख्ख्या सिनेमात नाही. याच खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, हाही असाच पसरलेला समज. विधी आयोगाने ती बंद करण्याची शिफारस १९५८ मध्येच केली होती, गोळ्या झाडल्या जाण्याच्या आधी.

म्हणजे सिनेमाने नावं बदलली, वकील काढून टाकला, भ्रष्टाचार घातला, हे सगळं एकवेळ चालेल. कथा म्हटली की मीठमसाला आला. पण खटला कुठे थांबवायचा, ही खरी फिरवाफिरव. टाळ्या पडतात तिथे तो थांबवला की उरलेली पाच वर्षं इतिहासातून गायब.

आता आपल्याच वस्तीतलं उदाहरण. हंसल मेहता यांचा 'शाहिद' २०१३ मध्ये थिएटरात आला. शाहिद आझमी कुर्ल्याचे वकील. त्यांचं टॅक्सीमेन कॉलनीतलं ऑफिस आमच्या भागात अनेकांनी पाहिलेलं. या सिनेमातलं कोर्ट मला खरं वाटलं. लहान खोली, दोन्ही वकील एकाच वेळी बोलताहेत, न्यायाधीश वैतागलेले. हातोडा नाही, लांबलचक भाषण नाही. राजकुमार राव यांचा शाहिद इंग्रजी अडखळत बोलतो, मुद्दा मात्र सोडत नाही.

२६/११ च्या खटल्यात आझमी फहीम अन्सारीचे वकील होते. आरोप असा की, हल्ल्यासाठी नकाशे त्याने काढून दिले आणि त्यातला एक अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडला. बचावाचा प्रश्न साधा होता. माणूस रक्तात न्हालेला, मग खिशातल्या कागदावर रक्ताचा डाग कसा नाही? आणि याहून चांगले नकाशे इंटरनेटवर मिळत असताना हाताने काढलेला नकाशा कशाला लागेल? सिनेमात हा युक्तिवाद काही मिनिटांत होतो. खरा खटला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात वर्षभर चालला, आरोपपत्र अकरा हजारांहून अधिक पानांचं. ती पानं पडद्यावर कोण बघणार? इथे वेळ आखडावाच लागतो, आणि मेहतांनी तो आखडताना खटल्याचा अर्थ बदलला नाही. रुस्तमशी तुलना करायची ती इथे.

११ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी आझमींना त्यांच्या ऑफिसातच गोळ्या घातल्या गेल्या. वय ३२. निकाल लागला ३ मे २०१० रोजी. विशेष न्यायालयाने फहीमला सोडलं, उच्च न्यायालयाने आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. वकिलाने तो निकाल ऐकला नाही. सिनेमाला वेगळा शेवट रचावा लागला नाही.

याउलट काही प्रकरणांना शेवटच मिळत नाही. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्टेशनबाहेर बसमध्ये स्फोट झाला, दोघांचा जीव गेला. पोटाखाली मुलं उचलली गेली. परभणीचा ख्वाजा युनूस त्यातलाच, वय २७, इंजिनियर, दुबईत नोकरीला. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून पळून गेला, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे कोठडीतल्या मृत्यूप्रकरणी पोलिसांवरच गुन्हा नोंदला गेला. स्फोटाच्या खटल्यातले आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. युनूसच्या मृत्यूचा खटला मात्र २०२० मध्येही निकाली निघाला नव्हता, आणि त्याची आई आसिया बेगम इतकी वर्षं कोर्टाची पायरी चढत राहिली. यावर कोर्टाचा सिनेमा कसा लिहायचा? तिसऱ्या अंकात काय दाखवायचं? पुढची तारीख?

मुस्लिम वाचकांनी हे लक्षात घ्यावं असं मला वाटतं. दहशतवादाच्या आरोपावरचे सिनेमे आपण पात्र चांगलं दाखवलंय की वाईट, एवढ्यावरच तोलतो. दाढी, टोपी, अत्तर मोजत बसतो. पण कुठली केस निवडली आणि कुठली वगळली, हे त्याहून महत्त्वाचं. निकाल लागलेली केस सिनेमाला सोयीची असते. निकालाआधीच सिनेमा आला तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. १९९३ च्या स्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' तयार होता, पण खटला चालू असताना तो दाखवू नये म्हणून आरोपी कोर्टात गेले आणि प्रदर्शन थांबलं. तो आला फेब्रुवारी २००७ मध्ये, टाडा न्यायालयाने निकाल द्यायला सुरुवात केल्यानंतर. त्या वेळी आमच्याकडे बऱ्याच जणांना ही गळचेपी वाटली. मला तेव्हाही आरोपींचं म्हणणं पटत होतं. ज्याच्या फाशीचा निर्णय व्हायचाय, त्याला आधी पडद्यावर दोषी दाखवू नये, इतकी साधी गोष्ट होती.

मुलांना आता मी रुस्तम बघू नका असं सांगत नाही. बघा, आणि मग ११ मार्च १९६० ला काय झालं ते शोधून आणा, असं सांगतो. दोघातिघांनी आणलंही. एका मुलीने त्याबरोबर दुसरा प्रश्न आणला, शाहिद आझमींना मारणाऱ्यांचं पुढे काय झालं? तो खटला खुनानंतर दहा वर्षांनीही चालूच होता. आझमींच्या हातातल्या केसेस त्यांचे भाऊ खालिद आझमी यांनी पुढे चालवल्या.