टँकरचं पाणी आणि झरा

सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाशावर आणि उन्मादावर पूर्वापार दिली जाई. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरचा गुण एका ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. ते घेणाऱ्या काही जणांच्या हालचाली मात्र मंदावू लागल्या, हात थरथरू लागले. कंपवाताचीच नक्कल!

या नकलेनंच अस्सल आजाराचं कोडं सोडवायला हात दिला. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन ससे निपचित केले आणि मग त्यांना डोपा, म्हणजे मेंदू ज्यापासून डोपामीन बनवतो ते द्रव्य, टोचलं. ससे पुन्हा हिंडू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात हॉर्निकिविच आणि एरिंगर यांना कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत हालचालींसाठी लागणाऱ्या या डोपामीनचा खडखडाट आढळला. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी डोपाची मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेले रुग्ण चालू लागले. डोपाचं गुणकारी रूप, म्हणजे लेव्होडोपा, १९३७ मध्येच मद्रासला आपल्या खाजकुहिलीच्या बियांतून वेगळं काढलेलं होतं.

पण लेव्होडोपा म्हणजे आटत्या विहिरीत ओतलेला टँकर. गावाची तहान भागते, झरा आटायचा थांबत नाही. मेंदूतल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरतच राहतात.

झरा वाचवायची आशा जागी झाली ती एका दुर्घटनेतून. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात नकली हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं एकाएकी दगडासारखी जखडली. विल्यम लँगस्टन यांनी माग काढला. त्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ होती. मेंदूतलं एमएओ-बी हे विकर तिचं विष बनवत होतं आणि ते नेमक्या त्याच पेशी मारत होतं. हे विकर आधीच रोखलं की प्राणी बचावत. तसं रोखणारं औषध, हंगेरीचं डेप्रेनिल, तयारच होतं.

१९८७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात ८०० रुग्णांवर डेप्रेनिल आणि ई जीवनसत्त्वाची चाचणी सुरू झाली. ई जीवनसत्त्वाचा उपयोग झाला नाही. डेप्रेनिल घेणाऱ्यांना मात्र लेव्होडोपाची गरज बरीच उशिरा पडली. आनंद झाला, पण टिकला नाही. डेप्रेनिल स्वतःच लक्षणं थोडी कमी करतं. विहिरीत पाणी दिसतंय ते झऱ्याचं की टँकरचं?

त्यावर तोड निघाली ती अशी: निम्म्यांना औषध आज द्यायचं, निम्म्यांना काही महिन्यांनी. औषध नुसतं लक्षणं झाकत असेल, तर मागून आलेले पुढच्यांना गाठतील. झरा वाचवत असेल, तर गाठणार नाहीत. याच पद्धतीनं तपासलेल्या रसाजिलिन या औषधाचा निकाल २००९ मध्ये आला. १ मिलिग्रॅमच्या गटात मागून आलेल्यांना पुढच्यांना गाठता आलं नाही, २ मिलिग्रॅमच्या गटात त्यांनी गाठलं. असा निकाल घेऊन दावा कसा उभा राहणार? २०१९ मध्ये लेव्होडोपालाही हीच कसोटी लावली. ते आजार मंदावतं असं दिसलं नाही, पण लवकर सुरू केल्यानं नुकसान होतं असंही दिसलं नाही. भीतीपोटी गोळी लांबवणाऱ्या घरांसाठी हा निकाल मोलाचा.

दरम्यान १९९७ मध्ये कंपवातात अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन मेंदूच्या पेशींत साचतं हे समजलं होतं. त्याविरुद्धच्या प्रतिपिंडांना पहिल्या मोठ्या चाचण्यांत अपयश आलं. मधुमेहावरच्या एक्सेनाटाइड या औषधानं २०१७ मध्ये आशा दाखवली आणि २०२५ च्या मोठ्या चाचणीनं ती मावळवली.

आज पाठीच्या कण्यातल्या द्रवाच्या तपासणीतून हे बिघडलेलं प्रथिन आहे की नाही, ते सांगता येतं. किती वेगानं पेशी मरताहेत, ते नाही. औषधं शोधणारे पुष्कळ झाले. आता टँकर उभा असताना झऱ्याची धार मोजणारं कुणीतरी हवं आहे.