घडीपत्रिका (इतिहास-अध्यापनातील)

घडीपत्रिका : कागदाला ठरावीक घड्या घालून आणि गरजेप्रमाणे काप देऊन केलेले, उघडझाप करता येणारे अध्ययनसाधन. अमेरिकेतील शाळांत ते ‘फोल्डेबल’ या नावाने रूढ आहे. झडपेवर शब्द किंवा प्रश्न आणि झडपेखाली अर्थ, उदाहरण वा चित्र, अशी त्याची साधी रचना असते. इतिहासात पारिभाषिक शब्द, तुलना, कारण-परिणाम आणि घटनाक्रम शिकवण्यासाठी ते वापरतात. विद्यार्थी ते स्वतः घडवतो आणि उजळणीसाठीही तेच वापरतो.

पार्श्वभूमी : या साधनाचा प्रसार अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ व लेखिका डायना झाइक यांनी केला. ‘फोल्डेबल्स’ हे त्यांचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. मॅग्रॉ-हिल प्रकाशनाच्या शालेय पाठ्यपुस्तकांत प्रकरणाच्या आरंभी अशी पत्रिका करण्याच्या सूचना दिल्या जाऊ लागल्या आणि ती वर्गावर्गांत पोहोचली. तिच्यामागचा विचार याहून जुना आहे. नवी माहिती देण्याआधी तिचा सांगाडा विद्यार्थ्यापुढे ठेवावा, असे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी 1960 मध्ये मांडले. 1969 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकल्पना तपासण्याचा चौकटीबद्ध आराखडा तयार केला. वर्गांत तो व्याख्या, लक्षणे, उदाहरणे आणि ‘उदाहरण नव्हे’ अशा चार खणांत वापरला जातो.

इतिहासातील शब्दांची अडचण : इतिहासाचे शब्द दोन प्रकारे अडवतात. ‘सार्वभौमत्व’ किंवा ‘संघराज्य’ यांसारख्या शब्दांच्या मागे बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू नसते. दुसरे शब्द ओळखीचे असतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो. इंग्रजी वर्गातील मुलाला ‘बिल’ म्हणजे दुकानाचे देयक वाटते, तर पाठात त्याचा अर्थ कायद्याचा मसुदा असा असतो. मराठी मुलाला ‘वतन’ म्हणजे मायभूमी वाटते, पण मध्ययुगीन कागदपत्रांत तो वंशपरंपरेने चालणारा हक्क असतो. अशा ठिकाणी एका ओळीची व्याख्या पाठ होते आणि आशय निसटतो. म्हणून एकाच शब्दाला व्याख्या, उदाहरण आणि विरुद्ध उदाहरण यांची वेगवेगळी जागा देणे गरजेचे ठरते.

प्रमुख घड्या : लांबीच्या बाजूने घातलेल्या अरुंद घडीला अमेरिकी वर्गांत ‘हॉट डॉग’ आणि रुंदीच्या बाजूने घातलेल्या आखूड घडीला ‘हॅम्बर्गर’ म्हणतात. मुलांच्या ताटातले हे शब्द घेतल्यामुळे सूचना चटकन समजते. लांब घडीच्या वरच्या पदराला काप दिले की झडपांची पुस्तिका होते. दोन्ही कडा मध्यावर आणल्या की खिडकीच्या दोन दारांसारखी घडी मिळते. दोन कागद थोडे खालीवर सरकवून एकत्र दुमडले की पायऱ्यांसारख्या चार कडा दिसतात, तीन कागद घेतले तर सहा. फ्रेयर आराखड्यासाठी कागद दोनदा अर्ध्यात दुमडून बंद कोपरा त्रिकोणी मोडतात. उघडल्यावर चार खणांच्या मध्ये शब्दासाठी चौकोन तयार होतो.

आकार आणि आशय : पत्रिकेचे यश घडीची निवड आशयाशी जुळण्यावर अवलंबून आहे. अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याची पूर्वपीठिका चार झडपांत नीट बसते. झडपांवर ब्रिटिश पार्लमेंटचे 1765, 1767, 1773 आणि 1774 मधील कायदे येतात : स्टॅम्प कायदा, टाउनशेंड कायदे, चहा कायदा आणि मॅसॅच्युसेट्सला जरब बसवणारे कायदे. झडपांखाली वसाहतींची उत्तरे येतात : बहिष्कार, ब्रिटिश माल न आणण्याचे करार, बॉस्टन बंदरात चहा बुडवणे आणि वसाहतींच्या प्रतिनिधींची पहिली काँटिनेंटल काँग्रेस. चहा बुडवल्याबद्दलच 1774 मध्ये बॉस्टन बंदर बंद केले गेले. म्हणजे तिसऱ्या झडपेखालचे उत्तर चौथ्या झडपेचे कारण ठरते. तो बाण मुलाने स्वतः काढला की ‘कारण’ आणि ‘परिणाम’ हे शब्द त्याच्यासाठी जिवंत होतात.

अमेरिकी संविधानाच्या मंजुरीचा वाद तीन झडपांत मांडतात. एका बाजूला मंजुरीचे समर्थक, दुसऱ्या बाजूला विरोधक आणि मधल्या झडपेखाली दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टी. हक्कांची सनद हवी हा विरोधकांचा आग्रह होता आणि 1791 मध्ये दहा दुरुस्त्यांच्या रूपाने ती आली. हे लिहिताना ‘विरोधक’ म्हणजे केवळ अडथळा आणणारे, हा समज गळून पडतो.

अमेरिकी शासनाच्या तीन शाखांसाठी काँग्रेस (विधिमंडळ), अध्यक्ष आणि न्यायालय अशा तीन पानांची घडी करतात. काँग्रेसने संमत केलेले विधेयक अध्यक्ष नकाराधिकाराने रोखतो आणि काँग्रेस दोन्ही सभागृहांच्या दोन-तृतीयांश बहुमताने तो नकार मोडू शकते. हे नाते पहिल्या दोन पानांमधल्या घडीवर लिहिता येते. न्यायाधीशांची नेमणूक दुसऱ्या घडीवर येते. काँग्रेस आणि न्यायालय ही पाने मात्र दोन टोकांना राहतात. कागद उभा करून त्याची टोके जुळवली की तिसरी कडा मिळते. कायदा संविधानविरोधी ठरवण्याचा, 1803 च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यातून प्रस्थापित झालेला अधिकार तिथे लिहायचा. सत्तेचा तोल हा शब्द अशा वेळी हातात धरता येतो.

उजळणी आणि मर्यादा : बंद झडप ही छोटी परीक्षाच असते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. पण दोन दिवस आणि आठवडा उलटल्यावर आठवून पाहण्याचा सराव केलेले पुढे होते. त्यामुळे झडप उघडण्याआधी उत्तर मनात वा ओठांवर आणणे अत्यावश्यक आहे. फळ्यावरची व्याख्या उतरवून रंग भरणे म्हणजे केवळ हस्तकला. कापण्या-चिकटवण्यात तास संपला तर इतिहासाला वेळ उरत नाही. शिवाय गुंतागुंतीचा विषय खणांत कोंबला तर तो खोटा सोपा होतो. पत्रिकेनंतर तेच शब्द वापरून सलग परिच्छेद लिहून घेणे, हा त्यावरचा उपाय आहे.

मराठी वर्गातील उपयोग : वहीच्या मधल्या जोडपानावरही हे साधन करता येते. शिवाजी महाराजांचे अष्टप्रधान मंडळ हा त्यासाठी उत्तम विषय आहे. सहा झडपांवर पेशवा, मुजुमदार, सुरनीस, वाकनीस, सरनौबत, डबीर ही जुनी नावे लिहावीत. आत अनुक्रमे मुख्य प्रधान, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत ही संस्कृत नावे आणि प्रत्येकाचे काम लिहावे. उदाहरणार्थ, अमात्याकडे जमाखर्च, तर सुमंताकडे परराज्यांशी व्यवहार. न्यायाधीश आणि पंडितराव यांची नोंद मागच्या बाजूस करावी. कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने रचला गेला, हेही तिथेच सांगता येते. मग विचारावे : नावे बदलण्याची गरज का वाटली असेल? याचे उत्तर कोणत्याही एका झडपेखाली नाही. त्यासाठी मुलाला सहाही झडपा एकदम उघडून पाहाव्या लागतात आणि तिथून शब्दसंग्रहाचा इतिहास होऊ लागतो.