अपवादांच्या मागावर: परळच्या रक्तसंस्थेची वाटचाल

जळगावच्या मेहरूण भागातल्या एखाद्या घरात मुलाचा गुडघा वारंवार सुजतो, दात पडला की रक्त थांबत नाही. मग कोणीतरी ‘मुंबईला केईएमला दाखवा’ म्हणतो. त्याच केईएमच्या आवारात, परळच्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे.

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक विलक्षण रक्तगट जगापुढे मांडला. तपासणीत तो ‘ओ’ वाटे, पण ‘ओ’ रक्तही त्याला चालत नसे. हाच ‘बॉम्बे’ गट. त्या शोधनिबंधाच्या लेखकांपैकी डॉ. एच. एम. भाटिया यांचा 1957च्या ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटरच्या जडणघडणीत मोठा वाटा. आजची संस्था या केंद्रातूनच वाढली. नियमात न बसणारे रक्त शोधायची खोड तिला तेव्हापासूनची, असे मला वाटते.

रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, हिमोफिलियातही तेच घडले. रक्त गोठवणारा फॅक्टर आठ हा घटक एक टक्क्याहून कमी असूनही काही रुग्णांना रक्तस्राव फारसा होत नाही. असे का, याचा माग डॉ. कांजाक्ष घोष, डॉ. श्रीमती शेट्टी यांच्या गटाने घेतला. गुठळी रोखणारे आणि विरघळवणारे घटकही तपासले. याच प्रश्नाच्या शेजारी सूक्ष्मकण येतात. प्लेटलेट, लाल पेशी, रक्तवाहिनीचे अस्तर यांच्या पडद्यापासून सुटलेले हे तुकडे बहुधा एक मायक्रॉनहूनही लहान. त्यांच्या बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरीनवर गोठण्याचे घटक जमतात. 2003 साली हिमोफिलियाग्रस्त उंदरांत असे कण वाढवून रक्तस्राव आटोक्यात आल्याचे दिसले. उलट, याच संस्थेच्या 2013च्या अभ्यासात वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांत गोठण्याला चालना देणारे कण जास्त आढळले. एकाला तारक, दुसऱ्याला मारक! म्हणून नुसती मोजणी पुरत नाही. कण कुठल्या पेशीचा, हे फ्लो सायटोमीटरवर पाहावे लागते.

हिमोफिलियाच्या जलद निदानासाठी संस्थेने किटही तयार केले. ते गावाकडे नेता येते. सूक्ष्मकणांचे तसे नाही. नमुना हादरला, उशिरा फिरवला, तर प्लेटलेट नवे कण सोडतात. जळगावहून रात्रभर रेल्वेने आलेल्या नळीत आजाराबरोबर प्रवासही मोजला जाईल. रक्त काढल्या जागीच सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट वेगळ्या काढायला हव्यात. ते जळगावात होईपर्यंत या मोजणीसाठी रुग्णालाच परळ गाठावे लागणार.