गढूळ पाणी आणि निवळीची बी

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरपासून नवेगावबांधापर्यंतचा मुलूख तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांनी इथली भातशेती जगवली. पण पावसाळ्यात तलावाचे पाणी मातकट होते. असे पाणी प्यायचे कसे? नळ येण्यापूर्वी भारतात या प्रश्नाचे एक जुने उत्तर होते : निवळी.

निवळी, म्हणजे संस्कृतातील कतक, हा पानझडी वनांतला लहानसा वृक्ष. विषारी कुचल्याचा हा भाऊबंद. मात्र कुचल्याचे जहाल विष याच्या बीत नाही. पाणी स्वच्छ करण्याच्या सुश्रुतसंहितेतील सात उपायांत कतक आहे. मनुस्मृतीचा टोला तर मार्मिक : कतकाचे फळ पाणी निवळते खरे, पण नुसते नाव घेतल्याने नव्हे!

१८व्या शतकाच्या अखेरीस वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग याने कोरोमंडल किनाऱ्यावरील रीत नोंदवली. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूस बी मिनिट-दोन मिनिटे जोराने घासायची, मग गढूळ पाणी ओतून ते स्थिर ठेवायचे. थोड्याच वेळात गाळ तळाशी बसे. या झाडाच्या शास्त्रीय नावातील ‘पोटॅटोरम’ म्हणजे ‘पिणाऱ्यांचे’.

हे घडते कसे? मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋणभार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून पाण्यात तरंगत राहतात. बीतील प्रथिने आणि बहुशर्करांच्या लांब साखळ्या त्यांना एकत्र बांधतात. गुठळ्या जड होऊन खाली बसतात. तुरटी हेच काम ॲल्युमिनियमच्या धनभाराने करते. लिंबू पिळल्यावर दूध फाटते तेही याच कुळातले : आम्लामुळे केसीनच्या कणांवरील भार नाहीसा होतो आणि ते एकत्र येतात.

पण निवळलेले पाणी निर्धोक असतेच असे नाही. १८८४ साली रॉबर्ट कॉखला पटकीचे जंतू कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात सापडले. असे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, आणि गाळाबरोबर ते सगळेच खाली बसत नाहीत. प्राचीन ज्ञानाचे गोडवे गाताना सुश्रुतसंहितेतील दुसरी पायरी सहसा वगळली जाते. दूषित पाणी आधी उकळावे, उन्हात तापवावे किंवा त्यात तापलेला लोखंडी गोळा बुडवावा, असे तिथेच सांगितले आहे.