ख्रिस्तपुराण आणि घरगुती श्रद्धा

धर्मांतराने उपास्य बदलते. श्रवणाची सवय मात्र सहसा बदलत नाही. साष्टीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १५६७ साली तेथील देवळे पोर्तुगीजांनी पाडली. जुन्या पुराणांचे वाचनही निषिद्ध ठरले. नवख्रिस्ती समाजाला धर्मतत्त्वे प्रश्नोत्तररूपाने पाठ होती; परंतु फावल्या वेळी ऐकावयास पुराण उरले नव्हते.

ही उणीव १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांनी ओळखली. त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती हेच गाऱ्हाणे पाद्रीपुढे मांडतो. १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ख्रिस्तपुराणात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा रूढ शब्द घेतला. ख्रिस्ती विधींसाठी मात्र पोर्तुगीज संज्ञा राखल्या. आशय नवा, पण छंद कानाच्या ओळखीचा, अशी ही योजना होती.

ती कितपत फळली? १६८४ च्या फर्मानाने देशी भाषेच्या जागी पोर्तुगीज आणू पाहिली. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही ग्रंथ टिकला, तो हस्तलिखितांत. कानडा प्रांतातील ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या अशा प्रतींवरूनच जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे आवृत्ती सिद्ध केली. वाचणारे नसते, तर दहा हजार ओव्या हाताने कोण उतरून घेता? श्रद्धा घरात नांदत होती, याचा याहून बोलका पुरावा नाही.